अडले तर विचारा, पण नीट विचारा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील आपली मुले-मुली आता संगणकशास्त्र शिकू लागली आहेत. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. परंतु पुष्कळ घरांत हा विषय शिकणारे ते पहिलेच माणूस असते. आईवडिलांना विचारता येत नाही आणि वर्गात 'एवढेही येत नाही का?' असे ऐकावे लागेल या धास्तीने मूल गप्प बसते. गप्प बसलेले मूल मागे पडते.

पार्सर लिहिण्याचा धडा आला की हे हमखास घडते. दिलेल्या ओळीचे तुकडे पाडून कोणता तुकडा कोणाशी जोडायचा हे ठरवणारा प्रोग्राम म्हणजे पार्सर. २+३×४ चे उत्तर १४ येते, २० नाही, कारण गुणाकार आधी जोडायचा असा नियम आहे. असे नियम नेमके मांडण्याची बॅकस-नॉर पद्धत १९६० च्या 'अल्गोल ६०' या संगणकभाषेच्या अहवालापासून रूढ झाली.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. 'माझे काम अडले आहे' एवढाच अर्ज आला, तर टेबलामागचा माणूस काय करणार? तारीख हवी, खाते क्रमांक हवा, कागद जोडलेला हवा. प्रश्नाचेही तसेच आहे. 'माझा पार्सर चालत नाही' याला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. त्याऐवजी असे विचारा:

'१०-४-३ ही ओळ दिली. उत्तर ३ यायला हवे, ९ येते. १०-४ दिले तर ६ बरोबर येते. माझा नियम असा: वजाबाकी म्हणजे एक संख्या, मग वजाचे चिन्ह, मग पुन्हा वजाबाकी. तेवढा कोड सोबत जोडला आहे.'

जाणकाराला चूक लगेच दिसते. हा नियम उजवीकडचे ४-३ आधी सोडवतो, म्हणून १०-१ होऊन ९ येतात. नियम नुसता उलटा केला, तर काहीही न वाचता तो स्वतःलाच बोलावत राहतो आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून पहिली संख्या वाचावी, आणि पुढे वजाचे चिन्ह येत राहील तोवर एकेक संख्या वजा करत जावी.

चार गोष्टी वहीत लिहून ठेवा. चूक दाखवणारी सर्वांत लहान ओळ कोणती, काय यायला हवे होते, काय आले, आणि आपण काय करून पाहिले. पडद्यावरचा चुकीचा संदेश अक्षरशः उतरवा, स्वतःच्या शब्दांत सांगू नका. संपूर्ण कोड पाठवू नका, अडलेला भागच पाठवा. जिथे नेटवर्क भरवशाचे नाही तिथे एकाच निरोपात सारे आले पाहिजे. आणि हे मांडता मांडता निम्म्या वेळा चूक आपली आपल्यालाच सापडते.

इंग्रजी कच्चे असले तरी अडू नका, मराठीत विचारा. पालकांनीही रोज मुलांना 'आज किती मार्क मिळाले?' एवढेच विचारू नये. 'आज काय अडले, आणि कोणाला विचारलेस?' हेही विचारावे.