वीरगळ आणि अर्ज

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मारुतीच्या देवळामागे, पाराला टेकून किंवा नुसतेच बांधावर उभे असलेले कोरीव दगड दिसतात. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. हे वीरगळ. बहुतेकांवर नाव नाही, लढाई कोणती हेही गावात कोणाला ठाऊक नसते, तरी कुणीतरी शेंदूर लावतो आणि सणासुदीला नारळ फुटतो. आता त्याच लढाईतून जिवंत परत आलेल्याचा दगड शोधायला जा. सापडणार नाही, कारण तसा दगड घडवायची रीतच नव्हती. पडला त्याला स्वर्ग आणि वाचला त्याला मृग लागताच नांगर, असा तो सरळ हिशेब होता.

सैनिकांचा मान राखायचा की नाही, राखायचा तर किती, हा वाद आपल्याकडे देशप्रेमाच्या तराजूत तोलला जातो. एका पारड्यात भारावलेले, दुसऱ्यात कुरकुरणारे. मला हा तराजूच खोटा वाटतो. माणसे दोन तटांत विभागली आहेत त्याहून जास्त, मान देण्याच्या दोन रीती वेगळ्या आहेत. पहिली रीत वीरगळाची. तिथे मान किती, कधी आणि कोणत्या शब्दांत द्यायचा हे देणारा ठरवतो. घेणारा बोलत नाही, बोलू शकत नाही. दुसरी रीत हक्काची. तिथे घेणाऱ्याच्या हातात कागद असतो आणि तो खिडकीपाशी येऊन विचारतो, माझे काय झाले? पहिल्या रीतीत आपला हात सढळ आहे. दुसरीत आपण केवळ चिकटच नाही, तर विचारणाऱ्यावर चिडतोही, आणि आदराचा सूर बघता बघता संशयाचा होतो.

दुसरी रीत आपल्याला परकी होती असे मात्र नाही. पेशवाईच्या दप्तरात ‘बालपरवेशी’ हा शब्द भेटतो. लढाईत माणूस पडला तर त्याच्या मुलाबाळांच्या पोटासाठी दिलेली जमीन किंवा नेमणूक, ती बालपरवेशी. त्या काळाला उगाच सोनेरी मुलामा द्यायचे कारण नाही. नेमणुका थकत, वशिल्याशिवाय हलत नसत. पण पडलेल्याच्या घराचे देणे लागते, ही जाणीव हिशेबाच्या वहीत उतरली होती, तिला नाव होते आणि रक्कम होती. पुढे इंग्रजांनी पेन्शन आणली आणि पश्चिम महाराष्ट्र व कोकणातल्या गावांना एक नवा माणूस मिळाला: पेन्शनर. नाव पलटणीच्या रजिस्टरात, पैसा सरकारी खजिन्यातून, आणि गावकीच्या उतरंडीत मात्र तो होता तिथेच.

या विसंगतीचा सगळ्यात बोलका पुरावा कोरेगाव भीमाच्या स्तंभाभोवती आहे. पेशव्यांविरुद्धच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला आणि पडलेल्यांची नावे कोरली. त्यांतली २२ नावे महार सैनिकांची मानली जातात. म्हणजे वीरगळाची रीत इंग्रजांनीही छान निभावली, उलट नावे घालून सुधारली. पण १८९० च्या दशकाच्या आरंभी, लढाऊ आणि बिगरलढाऊ जमातींच्या नव्या वर्गवारीत, इंग्रज सरकारनेच महारांची लष्करभरती बंद केली. दगडावरची नावे शाबूत राहिली आणि नातवंडांना पलटणीचे दार बंद झाले. यावर आवाज उठवला तो पेन्शनरांनी. कॅम्प दापोलीला निवृत्त शिपायांची मोठी वस्ती होती. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले, आणि हवालदारीवरून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी तिथूनच भरतीबंदीविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. ज्यांनी साहेबाच्या पलटणीत सलाम घेतले आणि दिले, त्यांच्या मुलांना गावच्या शाळेत बसायला जागा मिळावी म्हणूनही अर्ज करावे लागले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले, दुसरे महायुद्ध दाराशी आल्यावर.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की ते इंग्रजांचे सैनिक होते, स्वराज्याविरुद्ध लढले, त्यांना मानवंदना कसली? आक्षेपाला वजन आहे, पण तो घ्यायचा तर सगळ्यांना सारखा लावावा लागेल. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ इंग्रजांनीच उभारला आणि गाव तो अभिमानाने मिरवते. ते ४६ जणही पंचम जॉर्जच्याच पगारावर होते. पेशव्यांच्या बाजूने कोरेगावला लढलेल्यांत अरबांच्या तुकड्या होत्या. त्यांची निष्ठा कुठल्या मातीशी होती, असे कोणी विचारत नाही. आज ज्याला आपण ‘देशाचा सैनिक’ म्हणतो ती कल्पना त्या शिपायांच्या काळात आकाराला आलेली नव्हती. १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले तेव्हा त्यांना इंग्रजांची आरती करायची नव्हती. तुम्ही आमचे रक्त घेतलेत आणि नंतर आम्हाला नालायक ठरवलेत, हा हिशेब मांडायचा होता. वीरगळाचा त्यांनी अर्ज केला. त्या स्तंभाची धास्ती काहींना अजून वाटते, त्याचे कारण मला यातच दिसते. मुका दगड मागणी करू लागला की अडचणीचा होतो.

दिल्लीची स्मारके पाहिली तर याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत, ती पहिल्या महायुद्धातल्या आणि लगतच्या अफगाण युद्धातल्या सैनिकांची. २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय समर स्मारक खुले झाले. तिथली नावे स्वातंत्र्यानंतरची. १९७२ पासून इंडिया गेटखाली तेवणारी अमर जवान ज्योत २१ जानेवारी २०२२ ला या नव्या स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली, तेव्हा गुलामीच्या खुणा पुसल्या म्हणून काहींनी टाळ्या वाजवल्या आणि इतिहास विझवला म्हणून काहींनी कपाळाला हात लावला. या गदारोळात एक साधी गोष्ट सुटली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय लढले, ८७ हजारांच्या आसपास मेले, आणि त्यांची नावे या दोन्ही ठिकाणी नाहीत. रायगडातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक केले. राजधानीतल्या दोन कालखंडांच्या मधल्या फटीत मात्र ते हरवले. मेलेल्यांना मान देण्यात आपण उदार आहोत हे वर म्हटले, त्याला एवढी पुरवणी जोडावी लागते: मेलेलाही आपल्या आजच्या गोष्टीत बसणारा हवा.

जिवंतांच्या बाबतीत तर गोष्टीत बसूनही भागत नाही, हे १९४५-४६ ने दाखवले. लाल किल्ल्यातल्या खटल्यांच्या वेळी आझाद हिंद सेनेचे जवान देशभर डोक्यावर घेतले गेले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ तळावरून नौसैनिकांचा उठाव पेटला आणि गिरणगाव त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले. दीड वर्षात स्वातंत्र्य आले. आझाद हिंदच्या सैनिकांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेतले नाही. उठावानंतर बडतर्फ झालेल्या चारशेहून अधिक नौसैनिकांनाही नव्या नौदलाने आत घेतले नाही, ना इकडे ना पाकिस्तानात. कारण शिस्तीचे होते. शपथ मोडणाऱ्याला परत घेतले तर सैन्याची घडी राहणार नाही, हे सेनाधिकाऱ्यांचे म्हणणे नव्या राज्यकर्त्यांनी मान्य केले. ते अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. शेजारच्या देशांत सेनापतींनी सत्ता बळकावल्या, आपल्याकडे नाही, याचे थोडे श्रेय त्या कठोरपणालाही असेल. पण घडी राखायची म्हणून माणसांची सोय टाळावी लागत नव्हती. आझाद हिंदचे एक प्रमुख सेनाधिकारी, सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले, पुढे केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. साध्या शिपायाला स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनसाठी १९७२ च्या योजनेपर्यंत थांबावे लागले. तोवर पंचवीस वर्षे गेली होती. मुंबईत कुलाब्याला नौसैनिकांच्या उठावाचे स्मारक झाले तेव्हा तर नवे शतक उजाडले होते.

स्वतंत्र भारताचे स्वतःचे निवृत्त सैनिक या घोळाबाहेर असायला हवे होते. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून आहे, आणि दरवर्षी सरकारी कार्यालयांना निधीचे ‘उद्दिष्ट’ नेमून दिले जाते. कृतज्ञतेला टार्गेट देणारी व्यवस्था, दुसरे काय. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन, कारण १९५३ मध्ये त्या दिवशी पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल करिअप्पा निवृत्त झाले. मराठी घरांत त्या दिवशी तिळगूळ असतो आणि इतिहासाची आठवण निघालीच तर पानिपताची. माजी सैनिक कोणाच्या ध्यानात येणार? पण दिवसांचे सोडा. खरी परीक्षा ‘वन रँक वन पेन्शन’च्या, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सेवेला सारखे पेन्शन या मागणीने घेतली. १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगानंतर सैनिकांच्या पेन्शनचा वेगळा हिशेब मोडला आणि मुलकी नोकरांच्या मापाला आला. पुढे दर आयोगागणिक पगार वाढले, आणि एकाच हुद्द्याच्या, सारख्याच सेवेच्या दोन हवालदारांना केवळ निवृत्तीची तारीख वेगळी म्हणून वेगळे पेन्शन मिळू लागले. मुलकी नोकरांतही हा फरक पडतो, पण मुलकी नोकर साठीला निवृत्त होतो. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, म्हणजे जुन्या दराची शिक्षा त्याला दुप्पट काळ भोगावी लागते. या मागणीसाठी जून २०१५ पासून दिल्लीत जंतरमंतरवर माजी सैनिक बसले. १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या सुरक्षेच्या नावाखाली, पोलिसांनी त्यांना हटवायला धक्काबुक्की केली. छातीवर पदके लावलेल्या म्हाताऱ्यांची ती छायाचित्रे देशाने पाहिली. ५ सप्टेंबरला योजना जाहीर झाली, नोव्हेंबरात आदेश निघाला. अटी पुरेशा नाहीत म्हणून काहींनी पदके परत करायला घेतली, तेव्हा कालपर्यंत हळहळणाऱ्यांपैकीच पुष्कळांनी त्यांना राजकारणी ठरवले.

इथे दुसरा आक्षेप ऐकायलाच हवा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये आहेत आणि त्यांतले सुमारे १.६१ लाख कोटी पेन्शनमध्ये जातात. पेन्शनर ३४ लाखांवर. एवढा पैसा पेन्शनला गेला तर तोफा आणि विमाने कशाने घ्यायची? आणि सैनिकच एकटा धोक्यात असतो का? गटारात उतरणारा सफाई कामगार मरतो त्याला कुठले पदक? दुसऱ्या प्रश्नापुढे मी मान खाली घालतो. त्याला उत्तर नाही, आणि सैनिकाचे काढून घेणे हे तर उत्तर नक्कीच नाही. पहिल्याबद्दल मात्र बोलता येते. एक तर या आकड्यात संरक्षण खात्याच्या मुलकी नोकरांचे पेन्शनही धरलेले आहे. दुसरे, राज्यघटनेचे कलम ३३ सैनिकाचे मूलभूत हक्क कायद्याने आवळायची मुभा देते. त्याला संघटना काढता येत नाही, संप करता येत नाही, पटले नाही म्हणून राजीनामा टाकून निघता येत नाही. आणि सैन्य तरुण ठेवायचे म्हणून देशच त्याला ऐन उमेदीत घरी पाठवतो. हा करार आहे, आणि लवकर निवृत्तीची किंमत त्यात धरलेली आहे. गैरवापर होतो, हेही खरे. २०१९ मध्ये अपंगत्व पेन्शनवर कर लावायचे परिपत्रक निघाले तेव्हा लष्कराच्या बाजूनेच गैरफायदा घेणाऱ्यांकडे बोट दाखवले गेले. त्यावर इलाज तपासणीचा आहे. खोटे दाखले निघतात म्हणून पाय गमावलेल्याकडेही डोळे बारीक करून पाहायचे, हा इलाज नव्हे.

राहिला प्रश्न, मान हा सैन्यपूजेकडे नेतो का? नेतो, पण वीरगळाची रीत नेते. हक्काची रीत उलट माणसाला जमिनीवर आणते. पेन्शनच्या रांगेत उभ्या असलेल्या हवालदाराची पूजा करावीशी कोणालाच वाटत नाही. पुलवामाच्या हल्ल्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये मेलेले ४० जण सीआरपीएफचे, म्हणजे निमलष्करी दलाचे होते, दोघे बुलढाणा जिल्ह्यातले. सगळा देश त्यांना शहीद म्हणाला. ‘शहीद’ हा शब्द सरकारदरबारी अधिकृत नाही, हे संसदेत सांगितले गेले आहे. निमलष्करी दलात २००४ नंतर लागलेल्या जवानाला जुने पेन्शन नाही आणि निवृत्त झाल्यावर तो ‘माजी सैनिक’ या व्याख्येतही बसत नाही. चौकात फलक लावणाऱ्यांतल्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, शेवटी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, चौघांतला एक पुढे कायम, उरलेले तिघे घरी. त्यांना पेन्शन नाही, कॅन्टीन कार्ड नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. योजनेच्या बाजूने बोलणारे सैन्य तरुण होईल आणि पेन्शनचा भार हलका होईल म्हणतात. दोन्ही खरे ठरेल. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झाली. त्यांतला जो सीमेवर पडेल त्याच्यासाठी गाव बंद राहील, तिरंग्यातली पेटी येईल, पालकमंत्री येतील, चौकाला नाव मिळेल. बाकीचे बावीस-तेवीस वर्षांचे होऊन एसटीने गावी उतरतील. महाराष्ट्राने २०२० मध्ये माजी सैनिकांची घरपट्टी माफ केली. आता या घरी परतलेल्या तरुणांपैकी एखादा ग्रामपंचायतीत जाऊन विचारील, ही माफी मला लागू आहे का. ग्रामसेवक आदेश काढील, व्याख्या वाचील आणि त्याला अर्ज करायला सांगील.