इंडेक्सवर क्लिक केलं, पण पान उघडेना? आधी पत्ता तपासा

आजचा विषय छोटा आहे, पण नेटशिवाय कोडिंग शिकणाऱ्याचा अख्खा दिवस खातो.

समजा, तुम्ही बीड तालुक्यातल्या चौसाळ्यात बसून पायथन शिकताय. नेटचा भरवसा नाही, म्हणून लॅपटॉपवर झील टाकलंय. हे फुकटचं सॉफ्टवेअर डॉक्युमेंटेशन ऑफलाइन दाखवतं. डावीकडे इंडेक्स, उजवीकडे पान. पण इंडेक्समधल्या नावावर क्लिक केलं की पान सापडतच नाही. वाटतं, फाइलच उडाली. परत डाउनलोड करायचं, तर आजचा डेटा गेला!

जरा थांबा. पुष्कळदा पान जागेवरच असतं, चुकलेला असतो पत्ता.

झीलमध्ये एका विषयाच्या फोल्डरला डॉकसेट म्हणतात. त्यात डॉक्युमेंट्स नावाच्या फोल्डरात एचटीएमएल पानं असतात. शेजारी एसक्यूलाइटचा छोटा डेटाबेस असतो. त्यातल्या सर्चइंडेक्स या टेबलात प्रत्येक नोंदीचं नाव, प्रकार आणि पत्ता असतो. हा पत्ता आणि खरी फाइल जुळली नाही, की लिंक तुटली.

मग बिघडतं कुठे? तीन जागा बघा.

एक, इंग्रजी अक्षरं. फाइलच्या नावात कॅपिटल आणि पत्त्यात स्मॉल असेल, तर विंडोजवर आणि मॅकवर सहसा चालून जातं. लिनक्सवर मात्र ती दोन वेगळी नावं.

दोन, हॅश चिन्हानंतरचा भाग. पान उघडतं, पण हव्या मुद्द्यावर न जाता वरच थांबतं. म्हणजे त्या मुद्द्याचा आयडी नव्या आवृत्तीत बदललाय.

तीन, आपली मराठी. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द! मराठी शीर्षकांवरून लिंका बनवल्या असतील, तर इथे हमखास फसगत होते.

आता दुरुस्ती. झील बंद करा. डॉकसेटची एक कॉपी बाजूला ठेवा, ही पायरी टाळू नका. मग डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइटमध्ये डेटाबेस उघडा. अडलेली नोंद शोधा आणि तिचा पत्ता फाइलच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मराठी शब्द असेल तर हाताने टाइप करू नका, खऱ्या नावावरून कॉपी-पेस्ट करा. बदल सेव्ह करून झील परत उघडा.

आधी एकच नोंद सुधारा. ती चालली, की त्याच प्रकारच्या बाकीच्या सुधारा. आणि फाइल खरंच नसेल, तर फक्त तेवढा एक डॉकसेट परत उतरवा, सगळे नाही.

तुमची लिंक या तिघांपैकी कशामुळे तुटली होती, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!