हौसेचा पैसा, कारखान्याची कीर्ती

१९६५ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या मोटारशर्यतीत खरी झुंज फोर्ड आणि फेरारी या दोन कारखान्यांच्या अधिकृत संघांत होईल, अशी सर्वांची अटकळ होती. प्रत्यक्षात त्या संघांच्या गाड्या नादुरुस्त होत गेल्या आणि विजय मिळाला तो लुइगी किनेटी यांच्या अमेरिकेतील खासगी संघाने उतरवलेल्या फेरारी २५० एलएम या गाडीला. मात्र कीर्ती झाली ती प्रामुख्याने फेरारीची!

आजच्या जीटी शर्यतींचे अर्थकारण याच विषम वाटणीवर उभे आहे. २००६ साली युरोपात सुरू झालेल्या ‘जीटी ३’ वर्गात फेरारी, लॅम्बोर्गिनी यांसारखे कारखाने गाड्या बांधून खासगी संघांना विकतात. गाडीची किंमत, सुटे भाग आणि तंत्रज्ञांची सेवा यांचे उत्पन्न कारखान्याकडे जाते. अपघात, पराभव आणि रिकाम्या तिजोरीची जोखीम मात्र संघाच्या वाट्याला येते.

मग हा आतबट्ट्याचा व्यवहार चालतो कसा? जाहिरातदारांच्या जोडीला त्याचा मोठा आधार आहे तो श्रीमंत हौशी चालकाचा. जागतिक सहनशक्ती स्पर्धेत २०२४ पासून जीटी वर्गातील प्रत्येक गाडीच्या चमूत किमान एक ‘कांस्य’ श्रेणीचा, म्हणजे बहुधा हौशी, चालक असणे नियमानेच सक्तीचे आहे. त्याच्या हौसेतून यांत्रिकांचे पगार निघतात, हे नाकारता येणार नाही.

दुसरा आधार नियंत्रणाचा. वेगवेगळ्या गाड्या तुल्यबळ राहाव्यात म्हणून आयोजक त्यांचे वजन व शक्ती ठरवून देतात. त्यामुळे केवळ पैशाच्या बळावर वेग विकत घेता येत नाही. २०२३ साली जर्मनीतील नुर्बुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फ्रिकाडेली या खासगी संघाने फेरारी २९६ गाडीतून विजय मिळवला आणि तेथील जर्मन गाड्यांची वीस वर्षांची सद्दी संपवली.

तथापि, समतोल राखणाऱ्या आयोजकांना कारखान्यांचीही गरज असते. एखाद्या निर्णयाने गाडी मंदावली, तर कारखाना पुढील वर्षाची वाट पाहू शकतो. उसनवारीवर चालणारा छोटा संघ तोवर टिकेलच असे नाही. म्हणून समतोल केवळ गाड्यांमध्ये साधून भागणार नाही. जोखमीच्या वाटपातही तो साधला पाहिजे. संघच उरले नाहीत, तर कारखान्यांनी गाड्या विकायच्या तरी कोणाला?