सॉफ्टवेअर स्लो आहे? पैसे घालण्याआधी हा हिशोब करा

दुकानासाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवून घेतलं, ते स्लो चालतंय, आणि डेव्हलपर म्हणतो, "कोड ऑप्टिमाइझ करावा लागेल, १५,००० रुपये होतील." हो म्हणायचं का? शब्द टेक्निकल असला तरी निर्णय धंद्याचा आहे. कोड ऑप्टिमाइझ करणं म्हणजे तेच काम कमी वेळात व्हावं म्हणून कोड सुधारणं.

१. आधी मोजा
समजा, एका बिलाला १० सेकंद लागतात: आयटम शोधायला ६, जीएसटीच्या हिशोबाला १, प्रिंटला ३. जीएसटीचा कोड दुप्पट फास्ट केला, तरी वाचणार फक्त अर्धा सेकंद! शोध १ सेकंदावर आणला, तर ५ सेकंद वाचतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलंय की, साधारण ९७ टक्के वेळा बारीकसारीक वेगाच्या मागे लागू नका, पण महत्त्वाचे ३ टक्के सोडूही नका. ते ३ टक्के मोजल्याशिवाय सापडत नाहीत.

२. मग रुपयांत मांडा
रोज १२० बिलं × ५ सेकंद = १० मिनिटं. महिन्याचे २६ दिवस धरले तर २६० मिनिटं, म्हणजे सव्वाचार तासांच्या आसपास. काउंटरवरच्या माणसाचा तास ६० रुपयांचा धरला, तर महिन्याला वाचले २६० रुपये. १५,००० वसूल व्हायला जवळजवळ पाच वर्षं! नको.

पण संध्याकाळच्या रांगेला कंटाळून रोज दोन गिऱ्हाइकं परत जात असतील आणि प्रत्येकामागे ५० रुपये नफा बुडत असेल, तर महिन्याचं नुकसान २,६०० रुपये. मग तोच खर्च सहा महिन्यांत निघतो. कोड तोच, उत्तर मात्र बदललं.

३. स्वस्त उपाय आधी विचारा
"डेटाबेसमध्ये बारकोडला इंडेक्स लावलाय का?" असं डेव्हलपरला विचारा. पुस्तकामागच्या सूचीसारखंच हे. सूची नसेल तर प्रत्येक पान चाळावं लागतं. अनेकदा एवढ्यानेच काम भागतं, सगळा कोड उकलावा लागत नाही.

आणि महिन्यातून एकदाच काढायच्या रिपोर्टला पाच मिनिटं लागत असतील, तर लागू द्या. तेवढ्यात चहा होतो!

उद्या गर्दीच्या वेळी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून दहा बिलं मोजा. डेव्हलपरशी बोलायचं ते आकडे हातात आल्यावरच.