फटफटीचा आनंद

‘फटफटी’ हा शब्द ज्यानें आपल्या भाषेंत आणिला त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. परंतु त्याचा कान मोठा चोखंदळ असला पाहिजे. इंग्रजीनें या वाहनास त्यांतील यंत्रावरून नांव दिलें, मराठीनें तें त्याच्या आवाजावरून दिलें. आणि ज्यानें या वाहनाचे दोन-चार प्रकार स्वतः बाळगिले आहेत तो सांगेल कीं, मराठीचीच निवड अधिक बरोबर आहे. डोळे मिटून ओट्यावर बसलें तरी रस्त्यावरून कोणत्या जातीची गाडी गेली हें कानास कळतें. आणि एका गाडीचा आवाज दुसरीसारखा कां नाहीं याचा शोध घेऊं लागलें म्हणजे सबंध गाडीचा स्वभावच हळूहळू उलगडत जातो.

आमच्या शाळेच्या आवारांत लिंबाच्या झाडाखालीं माझी गाडी उभी असते. मधल्या सुटींत मुलें तिच्याभोंवतीं जमतात आणि त्यांचा एकच प्रश्न असतो : “सर, सगळ्यांत चांगली गाडी कोणती?” मीं आजवर तीन निरनिराळ्या जातींच्या गाड्या बाळगिल्या, मित्रांच्या पांच-सहा चालविल्या, परंतु या प्रश्नाचें उत्तर घंटा होण्याच्या आंत मला कधींच देतां आलें नाहीं. तें येथें सावकाश देण्याचा विचार आहे.

मूळ कल्पना जुनी आहे. १८८५ सालीं जर्मनींत कानश्टाट येथें गोटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं एका लांकडी सांगाड्यावर २६४ घनसेंटिमीटरचें, सुमारें अर्ध्या अश्वशक्तीचें एंजिन बसविलें. गाडी पडूं नये म्हणून दोन्ही बाजूंस आणखी एकेक लहान चाक लाविलें होतें. लहान मुलांच्या सायकलीस लावितात तसेंच! त्या दोघांस पाहावयाचें होतें तें एंजिन. तोल हा त्यांच्या चिंतेचा विषय नव्हता. पुढें तीं बाजूचीं चाकें गेलीं, आणि तीं गेलीं तेव्हांच खरी फटफटी जन्मास आली असें मी समजतों.

आतां आवाजाकडे वळूं. एंजिनाच्या नळकांड्यांत पेट्रोलची वाफ व हवा यांच्या मिश्रणाचा स्फोट होतो, त्या धक्क्यानें दट्ट्या खालीं जातो, आणि त्याची वरखालीं होणारी गति अखेर मागच्या चाकास मिळते. फोर-स्ट्रोक एंजिनांत दट्ट्या एका धांवेंत मिश्रण आंत ओढतो, दुसरींत तें दाबतो, तिसरींत स्फोटानें ढकलला जातो व चौथींत जळका धूर बाहेर लोटतो. म्हणजे मुख्य दंडाचे दोन फेरे होतात तेव्हां कोठें एक स्फोट. टू-स्ट्रोक एंजिन हीं चारही कामें दोन धांवांतच उरकून घेतें. दर फेऱ्यास एक स्फोट. म्हणून तें चपळ, परंतु खादाड व धुरकट. १९८५ सालीं आपल्या देशांत आलेली यामाहा आर. एक्स. १०० ही ९८ घनसेंटिमीटरची गाडी या चपळाईचा नमुना होय. तिचा आवाज फोडणींत मोहरी तडतडावी तसा. उलटपक्षीं जुन्या बुलेटच्या नळकांड्याचा व्यास ७० मिलिमीटर, पण दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. चालणारा लांब पाऊल टाकूं लागला कीं त्याचीं पावलें सावकाश पडतात, तसेंच हें. त्यांत जड गतिचक्राची भर. म्हणून ३४६ घनसेंटिमीटरच्या त्या गाडीचा प्रत्येक ठोका सुटा ऐकूं येतो. उखळांत मुसळ पडावें तसा.

आमच्या घरीं पहिली गाडी आली ती वडिलांची जावा, १९७० सालीं. मूळ चेकोस्लोव्हाकियाची ही गाडी १९६१ पासून म्हैसूर येथें तयार होऊं लागली होती. अडीचशें घनसेंटिमीटरचें टू-स्ट्रोक एंजिन. नळकांडें एकच, पण सायलेन्सर मात्र दोन. ज्या दांडीनें किक मारावयाची तीच दांडी पुढें वळविली कीं गियरची होई, आणि पायानें गियर बदलतांना क्लच आपोआप सुटे. हात लावावा लागत नसे. इतकी युक्ति मीं पुढें दुसऱ्या कोणत्याही गाडींत पाहिली नाहीं. पेट्रोलांत लीटरमागें सुमारें ४० मिलिलिटर ऑइल मिसळावें लागे, कारण एंजिनास वंगण मिळे तें या मिश्रणांतूनच. आतां विचार करा : लांब घाट उतरतांना रेस बंद ठेविली तर पेट्रोल जवळजवळ थांबतें, त्याबरोबर वंगणही थांबतें, चाकें मात्र एंजिनास फिरवीतच राहतात. अशा वेळीं दट्ट्या कोरडा पडून नळकांड्यांत अडकण्याचें भय. म्हणून वडील उतारावर मधून मधून क्लच दाबीत व थोडी रेस देत. लहानपणीं टाकीवर बसून जातांना मला वाटे, ते बैल हाकावे तसे गम्मत म्हणून गाडीस हाकारीत आहेत. त्यांतील कारण मला कळलें तें मी स्वतः चालवूं लागल्यावर.

बुलेट ही स्वभावानें अगदीं निराळी. ही मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची. आपल्या सैन्यानें तिला पसंत केलें आणि १९५५ पासून मद्रासेस तिची बांधणी सुरू झाली. जुनी बुलेट सुरू करणें हा एक विधि असे. प्रथम किल्ली फिरवावी, हँडलजवळची लहानशी दांडी ओढून नळकांड्यांतील दाब सोडावा, किक हळूहळू दाबीत अँमीटरचा कांटा बरोबर मध्यावर आणावा, दांडी सोडावी, आणि मग अंगाचें सारें वजन घालून एकच किक. कांटा मध्यावर येण्यापूर्वीं घाई केली तर किक उलटी येऊन पोटरीस प्रसाद मिळे. मीं १९९६ सालीं एक जुनी बुलेट घेतली तेव्हां कोल्हापुरांतील शिवाजी उद्यमनगरच्या एका मिस्त्रींनीं ती तपासून दिली. लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक एंजिनावर व मूठ कानाशीं धरून ते वैद्यासारखे ऐकत राहिले आणि म्हणाले, “छाती चांगली आहे, मास्तर. घ्या.” माझ्या मतें गाडी बाळगण्याचा निम्मा आनंद अशा माणसांच्या ओळखींत आहे.

तिसरी गाडी शंभर घनसेंटिमीटरची, फोर-स्ट्रोक. हिरो होंडाची सी. डी. १०० ही १९८५ सालीं निघाल्यापासून या जातीच्या गाड्यांनीं सबंध देश व्यापला. हिच्याविषयीं सांगण्यासारखें फारसें नाहीं, आणि हाच तिचा गुण. पेट्रोल भरावें व विसरून जावें. शिक्षक, दूधवाले, पोस्टमन यांचा संसार हिनें वाहिला. गोव्यांत ज्यांस पायलट म्हणतात ते पिवळ्या मडगार्डच्या गाडीवरून उतारू नेणारे लोकही अशाच साध्या गाड्यांवर पोट भरीत आले. वेगाचा शौक असणारे हिला हसतात. त्यांस महिन्याच्या पंचविसाव्या तारखेची ओळख नसावी.

असे हे प्रकार. परंतु कोणतीही घेतली तरी खरा आनंद ज्यांत आहे ती गोष्ट सर्वांत सारखीच : वळण. दोन चाकांची गाडी वेगांत वळते ती कलून. डावीकडे वळावयाचें तर धांवत्या गाडीचें हँडल डाव्या हातानें क्षणभर हलकेंच पुढें ढकलावें लागतें. चाक किंचित् उजवीकडे होतें, त्यासरशीं गाडी डावीकडे कलते आणि वळूं लागते. विश्वास बसत नसेल, पण सायकल चालविणारा प्रत्येक मुलगा हें नकळत करीतच असतो. किती कलावें हें गणितानेंही काढतां येतें. ३० मीटर त्रिज्येचें वळण ताशीं ४० किलोमीटर वेगानें घेण्यास सुमारें २३ अंश कलावें लागतें. तेंच ५० किलोमीटर वेगानें घेण्यास ३३ अंश. मोटारींत बसलेला मनुष्य वळणावर बाहेर फेंकला जातो. फटफटीवरील मनुष्य गाडीसह आंत झुकतो, व आपण यंत्रावर बसलेले नसून त्याचाच एक भाग आहों असें त्यास वाटतें. मात्र टायरची पकड ही ठराविक शिदोरी आहे. ती वळण्यांत खर्च होत असतां ब्रेकसाठीं थोडीच उरते. आणि ओल्या रस्त्यावर मुळांत शिदोरीच तुटपुंजी.

ही गोष्ट मी पुस्तकांत शिकलों नाहीं. १९९० च्या जुलै महिन्यांत मी व माझा धाकटा भाऊ कोल्हापुराहून रत्नागिरीस निघालों होतों. जावा दुरुस्तीस दिलेली, म्हणून एका स्नेह्याची बुलेट मागून घेतली. जावाचा गियर डाव्या पायाशीं व ब्रेक उजव्या पायाशीं. त्या काळच्या बुलेटचें नेमकें उलट, गियर उजवीकडे व ब्रेक डावीकडे. हें मला ठाऊक होतें. निघतांना मीं तें भावास समजावूनही सांगितलें होतें, थोड्या ऐटींतच. साठ-सत्तर किलोमीटर सुखरूप गेलों. आंबा घाट उतरतांना पाऊस भुरभुरत होता. एका वळणावर समोरून एस्. टी. आली आणि माझा उजवा पाय, ज्यानें चार वर्षें जावाचा ब्रेक दाबला होता, तो मला न विचारतां खालीं गेला. पायाखालीं ब्रेक नव्हता, गियर होता. घाबरून मीं हातचा पुढचा ब्रेक करकचून धरला. गाडी कललेली, रस्ता ओला, पुढचें चाक सरकलें. बस थांबली. मला खरचटलें, भावाचें गळ्याजवळचें हाड मोडलें. गाडीचा यांत कांहींच दोष नव्हता. दोष माझा, कारण डोक्यास जें ठाऊक होतें तें पायास ठाऊक होण्यापूर्वीं मीं मागें दुसऱ्याचा जीव बसविला होता.

पुढें बुलेटचाही गियर डावीकडे आला, आणि २०१९ पासून सव्वाशें घनसेंटिमीटरच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांस चाक अडकूं न देणारी ब्रेकची व्यवस्था सक्तीची झाली. ही सुधारणा मोठीच. तरी तीही टायरची शिदोरी वाढवूं शकत नाहीं. तेव्हां मुलांच्या प्रश्नास माझें उत्तर असें कीं, जिचा ब्रेक कोठें आहे हें तुमच्या पायास ठाऊक झालें ती गाडी चांगली. आणि नवी गाडी हातीं आली कीं महिनाभर मोकळ्या मैदानावर, एकट्यानें, तिची ओळख करून घ्यावी. अर्थात् अठरा वर्षें पुरीं होऊन परवाना मिळाल्यावर. कांहीं पालक दहावीच्या मुलाच्या हातीं कौतुकानें किल्ली देतात. त्यांच्या माहितीसाठीं येथें नमूद करतों कीं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा अपराधाबद्दल पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे.

वडील आतां नाहींत, जावा आहे. गेल्या दिवाळींत भाऊ आला, तेव्हां आम्हीं तिला बाहेर काढून पन्हाळ्यास नेली. जातांना मी चालविली, येतांना तो. त्यानें निघण्यापूर्वीं दोन्ही पाय गियरवर व ब्रेकवर एकेकदां ठेवून पाहिले व मागें वळून माझ्याकडे पाहून हंसला. मीं शिरस्त्राणाचा पट्टा घट्ट केला. उतार लागला, दोन वळणें गेलीं. मग त्यानें क्लच दाबला आणि थोडी रेस दिली. त्यास हें कोणीं शिकविलें होतें? मीं तर नाहीं. टाकीवर मी बसत असें तेव्हां तो मागें आईच्या मांडीवर असे.