अमेरिकेंतील भाडें-साहाय्य : भाडेकरू, मालक आणि सरकार

मालक मागतो तें भाडें गरीब भाडेकरूस झेपत नाहीं आणि भाडेकरूस झेपेल तें भाडें मालकास परवडत नाहीं. या दोहोंमधील अंतर कोणीं भरावयाचें, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या शहरापुढें केव्हां ना केव्हां उभा राहतो. मुंबईंत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें पुष्कळ जुन्या घरांचीं भाडीं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. म्हणजे तें अंतर मालकानें सोसावयाचें असें ठरलें. मालकानें मग दुरुस्तीवरचा हात आंखडला, हें चाळींत राहिलेल्यांना सांगावयास नको. भाडेनियंत्रण अमेरिकेंतही न्यूयॉर्कसारख्या कांहीं शहरांत आहे. परंतु तेथील मध्यवर्ती सरकारनें १९७४ सालीं निराळा मार्ग काढला. त्या मार्गांत हें अंतर सरकारी तिजोरींतून भरलें जातें.

तत्पूर्वीं, १९३७ च्या कायद्यानुसार, सरकारी पैशानें गरिबांसाठीं घरेंच बांधण्याची पद्धत होती. तिचे कांहीं प्रयोग बरे झाले, कांहीं फारच वाईट. सेंट लुई शहरांत उभारलेल्या अकरा मजली ३३ इमारती वीस वर्षेंही धड टिकल्या नाहींत. १९७२ पासून त्या सुरुंग लावून पाडाव्या लागल्या. पुढें ऑगस्ट १९७४ मध्यें अध्यक्ष फोर्ड यांनीं नव्या कायद्यावर सही केली आणि १९३७ च्या कायद्याचें आठवें कलम नव्यानें लिहिलें गेलें. यामुळेंच या साहाय्यास लोक अजूनही ‘सेक्शन एट’ म्हणतात. आजचें व्हाउचरचें स्वरूप त्यास १९९८ च्या कायद्यानें आलें. सुमारें २३ लक्ष कुटुंबें त्याचा लाभ घेतात. पैसा वॉशिंग्टनहून येतो, पण कारभार सुमारें दोन हजार स्थानिक गृहनिर्माण संस्था पाहतात.

आतां व्यवहार पाहूं. गांवांतील भाड्याचीं घरें चढत्या भाड्यानें ओळीनें मांडलीं, तर शंभरांतील चाळीस घरें ज्या आंकड्याच्या आंत येतात तो आंकडा सरकार दरवर्षीं जाहीर करतें. वीज, पाणी इत्यादींचा खर्चही त्यांत धरलेला असतो. त्याच्या ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान स्थानिक संस्था आपली मर्यादा ठरविते. भाडेकरूनें कांहीं वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाचे साधारणतः ३० टक्के द्यावयाचे. बाकीचें, त्या मर्यादेपर्यंत, संस्था थेट मालकास देते.

समजा, एका बाईचें वजावटीनंतरचें मासिक उत्पन्न १२०० डॉलर आहे आणि मर्यादा १४०० डॉलरची आहे. तिचा वांटा ३६० डॉलर. घर १३५० डॉलरचें मिळालें, तर उरलेले ९९० संस्था देईल. घर १५०० चें असेल, तर वरचे १०० तिनेंच भरावयाचे. म्हणजे तिचा वांटा ४६० होईल. मात्र १६०० चें घर तिला घेतां येणार नाहीं. कारण नवें घर घेतांना भाडें मर्यादेहून अधिक असेल, तर भाडेकरूचा वांटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जातां कामा नये, असा नियम आहे. तिच्या बाबतींत ही रक्कम ४८० होते. पुढें तिची नोकरी गेली, तर तिचा वांटा उतरतो आणि संस्थेचा वाढतो. मालकाच्या हातीं पडणारी एकूण रक्कम तीच राहते. मालकाच्या दृष्टीनें या योजनेचें मोठें आकर्षण मला हेंच वाटतें.

त्याबदल्यांत मालकावर कांहीं बंधनें येतात. निरीक्षकानें घर पसंत केल्यावांचून संस्था पैसे देत नाहीं. शेजारच्या तशाच घरांपेक्षां भाडें अवास्तव नाहीं ना, हेंही पाहिलें जातें. भाडेकरूशीं एक करार आणि संस्थेशीं दुसरा, असे दोन करार मालकास करावे लागतात. ठरल्याहून अधिक रक्कम आंतून घेण्यास सक्त मनाई आहे. पागडीस येथें वाव नाहीं. घर नादुरुस्त ठेवलें, तर संस्था आपला वांटा थांबवूं शकते, आणि तेवढ्या कारणासाठीं भाडेकरूस बाहेर काढतां येत नाहीं. भाडेकरू भला कीं बुरा, ही पारख मात्र मालकानेंच करावयाची ; संस्था त्याची हमी घेत नाहीं.

ऐकतांना हें सारें सोपें वाटतें. अडचण दोन ठिकाणीं येते. पहिली रांगेची. हें साहाय्य हक्क म्हणून मिळत नाहीं. मंजूर पैसा संपला कीं दार बंद ! पात्र कुटुंबांपैकीं जेमतेम चौथ्या हिश्शास सरकारी भाडें-साहाय्य लाभतें. नव्यानें घेतल्या जाणाऱ्यांत तीनचतुर्थांश कुटुंबें अत्यल्प उत्पन्नाचीं असावींत, असा दंडक आहे. तरीही अनेक शहरांत लोक वर्षानुवर्षें नांव घालून बसलेले असतात.

दुसरी अडचण मालकाच्या दारांत उभी असते. व्हाउचर हातीं पडल्यावर घर शोधण्यास निदान ६० दिवस मिळतात. तेवढ्यांत, किंवा संस्थेनें मुदत वाढविल्यास त्या मुदतींत, घर न मिळाल्यास तें व्हाउचर फुकट जातें. मालकानें व्हाउचर नाकारूं नये असा सर्व देशास लागू असणारा कायदा नाहीं. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा कांहीं राज्यांनीं आणि शहरांनीं तो आपापल्यापुरता केला आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथें ७८ टक्के मालकांनीं व्हाउचर घेण्यास नकार दिला. नकारास कायद्यानें बंदी असलेल्या वॉशिंग्टन राजधानींत हें प्रमाण १५ टक्के होतें. निरीक्षण होईपर्यंत घर रिकामें राहतें, ही मालकांची तक्रार खरी आहे. पण प्रत्येक नकार त्या तक्रारीपोटींच येतो, असें मानणें भोळेपणाचें होईल.

घर कोठें मिळतें यास किती महत्त्व आहे, तें एका प्रयोगानें दाखविलें. १९९४ पासून पांच शहरांत सरकारी वस्त्यांतील कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून व्हाउचरें दिलीं गेलीं. त्यांतील कांहींना दारिद्र्य कमी असलेल्या भागांतच घर घेण्याची अट होती. राज चेट्टी, हेंड्रेन आणि कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनीं पुढें त्या मुलांची मिळकत तपासली. तेरा वर्षांच्या आंत अशा भागांत राहावयास गेलेलीं मुलें पंचविशीच्या सुमारास, मागें राहिलेल्यांच्या मानानें, ३१ टक्के अधिक मिळवीत होतीं. त्याहून थोर वयांत गेलेल्यांना असा लाभ झालेला दिसला नाहीं. सहा वर्षांच्या मुलाच्या आईनें आज नांव घातलें आणि आठ वर्षांनीं तिची पाळी आली, तर घर मिळेल. पण मुलगा तोंवर चौदा वर्षांचा झालेला असेल.