एमएसचे निदान रक्तातल्या एका आकड्यावर होते का?

एका डोळ्याला अंधुक दिसू लागते, पाय बधिर होतात, चालताना तोल जातो. काही आठवड्यांत बरेही वाटते. काही महिन्यांनी पुन्हा तेच, नाहीतर वेगळेच काही. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएस अनेकदा असा सुरू होतो. बहुधा 20 ते 40 या वयात, आणि स्त्रियांत अधिक. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन या आवरणावरच उलटते.

या पडझडीत ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’चा वाटा असतो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के त्यालाच लागतो. त्यात मायलिन मुख्यतः चरबीचे. उघड्यावर राहिलेले शेंगदाण्याचे तेल खवट होते, साधारण तशीच रासायनिक क्रिया इथे घडते. तिच्यातून तयार होणारा मॅलोनडायअल्डिहाइड हा पदार्थ एमएस रुग्णांच्या रक्तात वाढलेला अनेक अभ्यासांत दिसला आहे.

मात्र तो मधुमेहातही वाढतो, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढतो. अभ्यासातला फरक गटांच्या सरासरीचा असतो; एका माणसाच्या रिपोर्टवरून एमएस आहे की नाही, हे ठरत नाही. परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या रुग्णाला न्यूरॉलॉजिस्टसाठी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले तरी पैसे खर्चायचे ते त्या तपासणीवर आणि एमआरआयवर. गरज पडल्यास पाठीतले पाणीही तपासतात.

अँटीऑक्सिडंट गोळ्यांचे काय? अमेरिकेत 51 रुग्णांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिपोइक अॅसिड दोन वर्षे घेणाऱ्यांचा मेंदू आक्रसण्याचा वेग बराच कमी दिसला. आशा वाटावी असे हे निष्कर्ष, पण 51 माणसांवरचे. त्यांच्या भरवशावर चालू औषध बंद करणे धोक्याचे.

परभणीकरांना या आकड्यापेक्षा उन्हाची माहिती जास्त उपयोगी. अंग तापले की एमएसची जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात. उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्येच हे नोंदवले होते. पारा 40च्या वर गेल्यावर पाय जड झाले, तर आजार बळावलाच असे नाही. सावलीत बसून, गार पाण्याने अंग पुसल्यावर बहुतेकदा उतार पडतो. नवे लक्षण 24 तासांहून जास्त टिकले, तर मात्र डॉक्टरांना कळवावे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत एमएसचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते.